जमिनीवरून अडीच फूट

कुठल्याही लग्नाला निघताना मला घरातून एक ताकीद मिळते. हॉलमध्ये शिरल्याबरोबर कोपरे बघत फिरायचं नाही. जिन्याखाली काय आहे, मागचं दार कुठे उघडतं, बायकांच्या बाथरूमकडे जाणारी बोळ कोणाच्या नजरेसमोरून जाते, असल्या चौकशा करायच्या नाहीत. "लोक नवरा-नवरी बघतात, तुम्ही भिंती बघता," असं बायको म्हणते. ती म्हणते ते खरं आहे. पण सगळी नोकरी थांबे आणि निवारा शेड बांधण्यात गेल्यावर माणसाचं असंच होतं. कुठेही गेलो तरी मी आधी एकच गोष्ट बघतो. इथे एकटं माणूस थांबलं, तर ते कोणाला दिसेल?

मी सरकारी बांधकामाच्या कचेरीत शाखा अभियंता होतो. घर जव्हारात, काम जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत. पूल, घाटरस्ते, इमारती ही मानाची कामं वरिष्ठांकडे जात आणि 'किरकोळ' या सदरात उरलेली माझ्याकडे येत. स्टँडची दुरुस्ती, थांब्याची शेड, प्रवाशांचं स्वच्छतागृह. पूल बांधणाऱ्याचं नाव निदान कोनशिलेवर तळाला तरी येतं. शेडवर नाव येतं ते उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांचं, आणि त्यांना तिथे गाडीची वाट बघावी लागत नाही.

लोकांना वाटतं, शेड म्हणजे चार खांब आणि वर पत्रा, त्यात अक्कल कसली? मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. पुढे कळलं की शेडला दोन गिऱ्हाइकं असतात. एक गाडीची वाट बघणारं आणि दुसरं त्या वाट बघणाऱ्याची वाट बघणारं. पहिल्याला ऊन-पाऊस नको असतो, दुसऱ्याला लपायला जागा हवी असते. आमचं सगळं शिक्षण पहिल्यासाठी झालं होतं. दुसऱ्याबद्दल कोणी काही शिकवलं नव्हतं, त्यामुळे नकळत आम्ही त्याचीही उत्तम सोय करत होतो.

हे मला पहिल्यांदा ज्याने समजावलं, तो एक खिसेकापू होता. एका स्टँडवर बाजाराच्या दिवशी हमखास पाकिटं जात. तिथले हवालदार माझ्या ओळखीचे. एकदा त्यांनी एकाला पकडून बसवलं होतं, तेव्हा मी सहज डोकावलो. मनुष्य पन्नाशीचा, टापटीप आणि बोलायला गोड. मी कोण हे कळल्यावर तो चक्क उठून उभा राहिला.

"ते फलाटाचं काम साहेबांचं? वा!" तो म्हणाला. "ती पायरी फार बेस केलीये तुम्ही."

गाड्या लागतात तिथे मी सहा इंची पायरी दिली होती. पाणी वर येऊ नये म्हणून दिली होती आणि तिचा मला जरा अभिमानच होता.

"पायरीचं काय?" मी विचारलं.

"गाडी आली की पब्लिक धावतं. पायरी आली की मान खाली जाते. मान खाली गेली की हात खिशावरनं सुटतो. बस, आपल्याला तेवढाच टाइम लागतो."

हवालदारांनी त्याला खाली बसवलं. मी मात्र घरी येऊन बराच वेळ विचार करत बसलो. पुढच्या पावसाळ्याआधी ती पायरी काढून तिथे हलका उतार केला. पाकिटं जाणं अगदी थांबलं असं मी म्हणणार नाही, पण हवालदारांनी त्यानंतर दोनदा मला स्वखुशीने चहा पाजला. हवालदाराने स्वतःहून चहा पाजणं ही आमच्या भागात सोपी गोष्ट नाही. "तुमचा सल्लागार सुटला बरं का," असं ते पुढे कित्येक दिवस मला भर रस्त्यात हाक मारून सांगत.

तेव्हापासून मला या विषयाची गोडी लागली. मी स्टँडवर तासन् तास नुसता बसून राहायला लागलो. कचेरीत याला कामचुकारपणा म्हणत. एका ठिकाणी बायकांचं स्वच्छतागृह इमारतीच्या मागे होतं, कारण ते दर्शनी भागात बरं दिसत नाही असं सगळ्यांचं मत. परिणाम असा की दिवसाढवळ्यासुद्धा तिकडे एकटी बाई जात नसे. मी ते दार फिरवून चौकशीच्या खिडकीसमोर आणलं. तिथेच एक आजी भाजलेल्या शेंगा विकायला बसत. अतिक्रमण म्हणून त्यांना वारंवार उठवलं जाई. मी नकाशात त्या जागेवर एक ओटा दाखवला आणि त्याला 'सामान ठेवण्याचा कट्टा' असं नाव दिलं. आजी त्या कट्ट्यावर आपलं सामान, म्हणजे शेंगा, ठेवून बसू लागल्या. त्यांच्या नजरेतून दाराशी रेंगाळणारा एकही इसम सुटत नसे. "काय रं, आत तुझी आय गेलीय का?" एवढं त्या मोठ्याने विचारत. पगार न घेणारा असा पहारेकरी मला पुन्हा मिळाला नाही.

हे सगळं ऐकून वाटेल, की गडी भलताच हुशार होता. मलाही तसंच वाटू लागलं होतं. म्हणूनच आता फाट्यावरच्या शेडबद्दल सांगायला हवं.

खोडाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा तो एक फाटा. नाव सांगत नाही, कारण चूक त्या जागेची नव्हती. आसपासच्या पाड्यांवरची माणसं तिथे येऊन जीप किंवा बस धरतात. निवृत्तीला अडीच वर्षं राहिली असताना मला तिथली शेड मिळाली आणि मी ठरवलं की हिच्यात आपलं सगळं शहाणपण ओतायचं. आमच्याकडचा पाऊस वरून कमी आणि बाजूने जास्त येतो. म्हणून मागे पूर्ण उंचीची भिंत घेतली. उरलेल्या तिन्ही बाजूंना मात्र फक्त तीन फुटांची अर्धी भिंत, त्यावर सगळं मोकळं. समोर यायला-जायला चार फुटांची वाट. आत दोन्ही बाजूंना सिमेंटचे गुळगुळीत बाक. बाकावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून चार फुटांवर येतात, म्हणजे त्याला रस्ता दिसणार आणि रस्त्यावरच्यांना तो. हे मी कागदावर रेषा मारून सिद्ध केलं होतं. वरिष्ठांना तो नकाशा इतका आवडला की पुढच्या पाच शेडसाठी तोच नमुना म्हणून ठरला. मी घरी पेढे नेले होते.

वर्षभराने, भर श्रावणात, मी त्या रस्त्याने जात होतो. पाऊस भुरभुरत होता. माझ्या शेडच्या आत कोणी नव्हतं आणि शेजारच्या ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्याला टेकून सहा-सात बायका डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी घेऊन, बोचकी कवटाळून भिजत बसल्या होत्या. मला रागच आला. सरकारने एवढं बांधून दिलंय, आणि यांना आत बसायला नको! मी जीप थांबवून खाली उतरलो.

"मावशी, शेड रिकामी आहे ना? आत बसा की."

बायका एकमेकींकडे बघून हसल्या, पण उठलं कोणीच नाही. शेडमध्ये डोकावलो तर बाकांवर विड्यांची थोटकं आणि चिखलाच्या बुटांचे ठसे होते. बाक कोणीतरी वापरत होतं, पण ज्यांच्यासाठी केले ते नव्हेत. मी कचेरीत येऊन दोन गोष्टी केल्या. एक दिवा बसवून घेतला आणि 'प्रवाशांनी कृपया बाकावर बसावे' अशी पाटी रंगवून घेतली. आज ती पाटी आठवली की मला घाम फुटतो.

दिवा आणि पाटी बघायला म्हणून मी महिन्याभराने संध्याकाळी पुन्हा गेलो. मोरीवर या वेळी एकच बाई बसली होती. चाळिशीची, काटक, कमरेला विळा. तिचं नाव सोनी. मी विचारलं, कुठे जायचंय? ती म्हणाली, "कुठं नाय. पोर येल जव्हारनं. तिला न्यायाला आले."

तिची मुलगी मनीषा जव्हारला अकरावीत होती. सकाळी इथून जीप धरायची, संध्याकाळी इथेच उतरायची. शेडच्या मागून पाड्याची पायवाट जाते, चालत तासाभराची. सोनी रोज कामावरून उठून तासभर चालत यायची, मुलीला घ्यायची आणि तासभर चालत परत जायची.

"रोज?" मी विचारलं.

"रोज. आता दिवाळीपत्तुर येईन. मग पोर घरीच ठेवीन. माझी मजुरी बुडते."

"अहो, पण एवढी शेड आहे, दिवा आहे. ती बसेल ना इथे घटकाभर."

तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझ्या हुद्द्याचा विसर पडला. आमच्याकडच्या पाड्यांवरची माणसं साहेबालाही अरे-तुरेच करतात, त्यात अनादर नसतो. ती उठली, शेडमध्ये गेली आणि आतून हाक मारली.

"साहेब, ये आत. खाली बस."

मी बाकावर बसलो.

"बाकावर नाय. खाली बस, आमी बसतो तशी."

मी पँट सावरत जमिनीवर बसलो. ती समोर उकिडवी बसली.

"आता सांग, काय दिसतंय?"

समोर तीन फुटांची भिंत होती, डावीकडे भिंत, उजवीकडे भिंत, पाठीमागे भिंत. वर थोडं आभाळ दिसत होतं.

"भिंत," मी म्हणालो.

"मंग? आमाला बी भिंतच दिसते. जीपवाल्याला वाटतं आत कोनी नाय, तो जातो निघून. आन् ते तिघं येऊन दारात उभे ऱ्हातात, तेवढीच एक वाट. पोरीनं जायाचं कुठून?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बाजारच्या गावातले तीन टवाळ तिथे बाकांवर पाय पसरून बसत. पावसाळ्याच्या सुरुवातीला मनीषा आणि तिच्याच पाड्यावरची यमुना अशा दोघी आत बसल्या असताना त्यांनी वाट अडवली. ओढणी खेचली, दप्तर ओढलं. बाहेरून दोन गाड्या गेल्या. कोणालाही काही दिसलं नाही, कारण दिसूच नये अशी रचना मी केली होती. त्यानंतर यमुनेच्या घरच्यांनी तिचं कॉलेज बंद केलं. सोनीने बंद केलं नाही, ती स्वतः येऊ लागली.

"पण तुम्ही बाकावर का बसत नाही?" मी विचारलं. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला.

"बोचकं कुठं ठेवू? पोरं कुठं ठेवू? आन् सासू भुईवर बसलेली असताना सून वर कशी बसंल रे? बाकावर मास्तर बसतात."

माझा जन्म जव्हारचा. सगळं आयुष्य मी या बायकांना बाजारात, दवाखान्यात, कचेरीच्या व्हरांड्यात जमिनीवर बसलेलं पाहिलं होतं. मी त्यांना पाहिलं होतं, पण नकाशा काढताना मला दिसला तो पुस्तकातला, बाकावर बसलेला माणूस. जमिनीवर बसलेल्या बाईचे डोळे अडीच फुटांवर असतात. माझी भिंत तीन फुटांची होती. सहा इंचांत दोन मुलींचं शिक्षण अडकलं होतं, आणि एकीचं तर संपलंच होतं.

मनीषा आली. आईसमोर साहेब जमिनीवर बसलेला बघून ती दारातच थबकली. मी उठायच्या गडबडीत "दिवाळीच्या सुट्टीत हे सगळं बदलतो," असं बोलून गेलो. मुलीने मान डोलावली. सोनीने डोलावली नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांपुढे उभा राहिलो. मोठे साहेब मनाने वाईट नव्हते, फक्त त्यांना कागद शांत असलेले आवडत.

"वर्षापूर्वीची शेड फोडायची? कारण काय लिहिणार?"

"रचना चुकली."

"रचना कोणाची?"

"माझीच."

त्यांनी चष्मा काढला. "अहो, निवृत्तीला किती राहिलं? चौदा महिने? मग 'अतिवृष्टीमुळे भिंतींना तडे' असं लिहा. दुरुस्तीत बसवून टाकू. तुम्हालाही त्रास नाही, मलाही नाही."

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. तडे लिहिले असते तर काम तेवढंच झालं असतं. पण नमुना नकाशा फाइलला तसाच राहिला असता आणि त्यावरून पुढच्या पाच फाट्यांवर तीच भिंत उभी राहिली असती. त्या रात्री मी ताट अर्धवट सोडून उठलो. बायकोने विचारल्यावर तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "लिहा की खरं. पेढे खाल्लेत ना त्या नकाशाचे?"

मी लिहिलं. 'प्रवासी बाकावर बसतील हे गृहीत चुकीचे होते. या भागात प्रवासी, विशेषतः स्त्रिया, जमिनीवर बसतात. डोळ्यांची उंची अडीच फूट धरावी. आत बसलेल्याला रस्ता दिसावा व रस्त्यावरून तो दिसावा. बाहेर पडण्यास दोन वाटा असाव्यात. नमुना नकाशा रद्द करावा.' खाली सही केली. काही दिवसांनी मंजुरी आली आणि तिच्यासोबत मला कारणे दाखवा नोटीसही आली. तिला उत्तर काय देणार? कारण तर मी आधीच दाखवलं होतं. गोपनीय अहवालात एक ताशेरा बसला आणि तो शेवटपर्यंत राहिला.

दिवाळीच्या सुट्टीत काम काढलं. खोडाळ्याचा गवंडी, त्याची दोन माणसं आणि मी. या वेळी कागदावर रेषा मारल्या नाहीत. सोनीला बोलावलं आणि शेडच्या मधोमध जमिनीवर बसवलं. तिच्या डोळ्याशी दोरीचं एक टोक धरलं, दुसरं टोक गवंड्याने रस्त्याच्या वळणापर्यंत नेलं. दोरी भिंतीला जिथे अडली तिथे खडूची खूण केली. मग दुसरी दोरी रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीकडे, तिसरी मोरीकडे. गवंडी हसत होता, "साहेब, बाईला ओळंबा केलात."

"आन् वाट?" सोनी म्हणाली. "पाड्याची वाट मागं हाय. मागनं कोन येतं ते नको का दिसाया?"

मागच्या भिंतीला हात लावायचं माझ्या मनात नव्हतं, कारण पाऊस तिकडूनच येतो. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "आमच्या घराला कुठं भिंत हाय? कूड हाय. पाख खाली घेतली की पानी येत नाय." तिचं म्हणणं खरं होतं. कारवीच्या काठ्यांच्या कुडातून अंगण दिसतं, आणि छपराची कड खाली उतरवलेली असल्यामुळे आत थेंब येत नाही. आम्ही मागच्या भिंतीत जमिनीपासून उभे गज बसवले आणि पत्रा मागे तीन फूट खाली उतरवला. अर्ध्या भिंती तोडून फूटभर ठेवल्या, बोचकी बाहेरून ओढता येऊ नयेत एवढ्याच. बाजूला दुसरी वाट काढली. बाक उचलून बाहेर रस्त्याकडेला, अगदी दिव्याखाली मांडले. त्या तिघा टवाळांना मी हाकललं नाही. त्यांना बसायला तेवढे बाक उरले आणि तिथे येणारा-जाणारा प्रत्येक जीपवाला त्यांना बापाच्या नावाने ओळखत होता. आठवड्याभरात त्यांना ती जागा आवडेनाशी झाली. ती पाटी मी स्वतः काढली.

त्या कामात समाधान आहे, तसं एक शल्यही आहे. यमुना परत कॉलेजात गेली नाही. मी दोनदा तिच्या घरी निरोप धाडला. दुसऱ्या वेळी तिचं लग्न ठरलं असल्याचं उत्तर आलं. मी नुसता पेन्सिल घेऊन बसण्याऐवजी वर्षभर आधी तिथे खाली बसलो असतो, तर ती आज मनीषाबरोबर नर्सिंगला असती.

दिवाळीनंतर कॉलेज सुरू झालं. मनीषा जात होती हे मला कळलं होतं, पण सोनी अजूनही रोज तिला घ्यायला येते हेही कळलं होतं. ते बरोबरच होतं. आमच्या शब्दावर तिने का विसंबावं?

मग एकदा होळीच्या सुमाराला मी खोडाळ्याहून जीपने परतत होतो. फाटा आला तेव्हा उन्हं उतरत होती. शेडमध्ये तीन-चार बायका ऐसपैस जमिनीवर बसल्या होत्या, त्या वळणावरूनच दिसल्या आणि जीपवाल्याने न सांगता गाडी थांबवली. तेवढ्यात समोरून जव्हारची जीप आली. मनीषा उतरली. मी सवयीने मोरीकडे पाहिलं. मोरीवर कोणी नव्हतं.

मी खाली उतरलो.

"आई बरी आहे ना गं?"

"बरी आहे, सर."

"मग आज आली नाही न्यायला?"

"आता येत नाही ती. चार दिवस झाले. म्हणाली, तुझी तू ये, मला कामं आहेत."

एवढं बोलून ती शेडमधल्या बायकांशी काहीतरी हसली आणि बाजूच्या वाटेने निघालीसुद्धा. नोकरीत मला दोन प्रशस्तिपत्रकं मिळाली होती, ती कपाटात कुठेतरी असतील. सोनी मात्र त्या दिवशी आपल्या घरी निवांत कामं करत होती, तासभर लांब, मुलीची काळजी न करता. माझे डोळे भरून आले, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

जीपवाला हॉर्न वाजवत होता. मी त्याला हाताने थांब म्हटलं, शेडमध्ये गेलो आणि गुडघे कुरकुरत असतानाही बायकांच्या शेजारी जमिनीवर बसलो. गजांमधून पाड्याची वाट सरळ दिसत होती. मनीषा दप्तर हलवत टेकाडापर्यंत चालत गेली. एकदाही तिने मागे वळून पाहिलं नाही.